शिकारथैली आणि तिची वादीची किनार

चामड्याची शिकारथैली करायला घेताना बहुतेक जण आधी नक्षीचं चित्र काढतात, किनारीला कुठली गुंफण घालायची ते ठरवतात आणि चामडं कापून झाल्यावर त्यांच्या लक्षात येतं की हात आत नीट जातच नाही. क्रम उलटा हवा. ही थैली म्हणजे न बघता हात घालायची जागा. नजर समोर, बोटं आत, आणि हवी ती वस्तू पहिल्याच चाचपणीत हाताला लागली पाहिजे. मापं, झडपेचा आकार, पट्ट्याची लांबी हे सगळं यावरूनच ठरतं. किनारीच्या गुंफणीचा विचार सगळ्यांत शेवटी करायचा.

या थैलीचं मूळ गाव अठराव्या शतकातली अमेरिका. अ‍ॅपलाचियन डोंगररांगांपलीकडे हरणांच्या कातड्यांसाठी महिनोन्महिने भटकणाऱ्या शिकाऱ्यांना ‘लाँगहंटर’ म्हणत. डॅनियल बून 1769 मध्ये कम्बरलँड खिंडीतून केंटकीत उतरला तो अशाच मोहिमेवर. ती शॉनी लोकांची शिकारभूमी होती. त्यांनी त्याच वर्षी डिसेंबरात त्याला पकडलं आणि जमवलेली कातडी काढून घेतली. या शिकाऱ्यांजवळ लांब नळीची, चकमकीची, म्हणजे आपल्या भाषेत ठासणीची बंदूक असे. एक बार झाला की सगळं पहिल्यापासून: शिंगातली दारू मापात घ्या, नळीत ओता, तेलकट चिंधीत बसवलेली शिशाची गोळी तोंडाशी ठेवा, गजाने ठासा, मग कानावर, म्हणजे नळीच्या बुडाशी असलेल्या भोकापाशी, रंजक, म्हणजे पेटवणीची दारू. सरावलेल्या माणसालाही यात अर्धं मिनिट सहज जाई. त्या अर्ध्या मिनिटात थैलीत डोकावत बसायला फुरसत नव्हती.

थैलीत असायच्या त्या गोळ्यांची छोटी पिशवी, चिंध्या, चकमकीचे एकदोन जादा दगड, दारूचं माप, बंदुकीचा कान साफ करायची सुई, असल्यास छोटा चाकू. दारू मात्र थैलीत नसे. ती शिंगात, आणि शिंग थैलीबाहेर लटकलेलं. मोकळी दारू, चकमकीची ठिणगी आणि पाऊस यांची गाठ पडू द्यायची नाही, एवढा साधा हिशेब. झडप मोठी ठेवण्याचं कारणही तेच. मॅडिसन ग्रँट या अभ्यासकाचं या थैल्यांवरचं पुस्तक 1977 मध्ये निघालं आणि त्यानंतर हौशी कारागिरांना नमुन्यांची ददात राहिली नाही. जुन्या थैल्या पाहताना पहिल्यांदा डोळ्यांत भरतो तो त्यांचा लहानपणा. अठरा-वीस सेंटिमीटर रुंद, तेवढीच किंवा जराशी जास्त खोल. आज बाजारात ‘हंटिंग बॅग’ म्हणून जे खपतं ते बहुधा याच्या दुप्पट असतं आणि दुप्पट जागेत वस्तू चौपट हरवतात.

आपल्याकडे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 आल्यापासून शिकारीचा शौक संपला, तेव्हा भारतातल्या वाचकाची थैली पक्षी बघायला, किल्ल्यांवर भटकायला, फार तर वनस्पतींच्या नोंदी करायला जाणार. माप त्यालाही चालतं. नोंदवही, पेन्सिल, भिंग, होकायंत्र, छोटा चाकू, फोन. दुर्बीण थैलीत कोंबू नका. शिंगाने जो मान मिळवला होता तो तिला द्या, ती बाहेर गळ्यात राहू द्या. अमेरिकेत स्थायिक झालेल्या वाचकांना मूळ वापर बघायचा असेल तर इंडियाना राज्यातल्या फ्रेंडशिप या गावी ठासणीच्या बंदुकांच्या राष्ट्रीय संघटनेच्या स्पर्धा भरतात. ही संघटना 1933 पासूनची आहे. तिथे खांद्याखांद्यावर हाताने केलेल्या थैल्या दिसतात आणि करणारे हातचं न राखता सांगतात.

आता चामडं. त्या काळात क्रोमने कमावलेलं चामडं नव्हतंच. अमेरिकेत त्या पद्धतीचं महत्त्वाचं पेटंट 1884 चं. तोपर्यंत एक तर झाडाच्या सालीने कमावलेलं चामडं, नाही तर मूळ निवासी पद्धतीने मेंदू चोळून, धूर देऊन मऊ केलेलं हरणाचं कातडं. आपल्याला सालीचं हवं, आणि ते केवळ जुनेपणाच्या हौसेने नव्हे. ओलं करून दिलेला आकार ते धरून ठेवतं, त्याची कड घासून चकचकीत होते, आणि पुढे सांगितलेला काळा रंग फक्त त्याच्यावरच चढतो. क्रोमचं चामडं ओलं झालं तरी परत मऊ होतं आणि आकार विसरतं. दुकानात ओळखायचं असेल तर कापलेली कड बघा. सालीच्या चामड्याची कड आरपार तपकिरी असते. क्रोमच्या चामड्याच्या पोटात बऱ्याचदा निळसर-राखी रेघ दिसते. तरी शंका राहिली तर एका कोपऱ्यावर पाण्याचा थेंब सोडा. न रंगवलेलं सालीचं चामडं तो पिऊन लगेच काळवंडतं.

महाराष्ट्रातल्या माणसाला हे चामडं शोधायला लांब जायला नको. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या मिळून आठ जिल्ह्यांसाठी, आणि तिचं चामडं बाभळीची साल नि हिरडा यांनी कमावलेलं असतं. शिवाय ही चप्पल चामड्याच्याच वादीने शिवतात, त्यामुळे वादी कापणारा कसलेला हात बघायचा तर कोल्हापूरच्या कारागिराशेजारी तासभर बसावं, शंभर चित्रं बघून कळणार नाही ते कळतं. मुंबईकरांना धारावीतली चामड्याची दुकानं जवळची. गाईच्या कत्तलीवर राज्यात आधीपासूनच बंदी होती, 2015 पासून ती बैल आणि वळू यांनाही लागू झाली, त्यामुळे इथलं म्हणून जे मिळतं ते मुख्यतः म्हशीचं आणि बकरीचं. थैलीच्या अंगाला म्हशीचं, दीड मिलिमीटरहून जाड नको, कारण शिवून झाल्यावर थैली उलटी करायची आहे आणि जाड चामडं उलटताना टाके ताणतं. दुकानदाराकडे पातळ करायचं यंत्र असेल तर तिथेच करून घ्या. पट्ट्याला अडीच ते तीन मिलिमीटरचं, पाठीच्या भागातलं. पोटाकडचं चामडं ताणत जातं आणि वर्षभरात थैली कमरेवरून मांडीवर येते. अस्तराला आणि वादीला बकरीचं, मिलिमीटरभर जाडीचं. अंगाला तीन चौरस फूट पुरे. बकरीचं बहुधा अख्खं कातडं घ्यावं लागतं, उरलेलं वादी कापायला शिकताना खर्ची पडेल.

एक गोष्ट निक्षून. जुन्या वाड्याच्या माळ्यावर सांबराचं किंवा चितळाचं कातडं सापडलं, तर थैलीसाठी ते कात्रीखाली घेऊ नका. असं कातडं बाळगायलाच कायद्याने मालकीचा दाखला लागतो. घोरपड आणि साप यांचंही तेच. अमेरिकन कृतीत जिथे हरणाचं कातडं लिहिलेलं असेल तिथे आपण बकरीचं वाचायचं.

कागदावर नमुना काढा. मागचा तुकडा आणि झडप एकसंध ठेवायची, म्हणजे वरच्या घडीवर शिवण येत नाही आणि पाऊस आत शिरत नाही. तयार थैली वीस सेंटिमीटर रुंद हवी तर तुकडे बावीस रुंद कापा, तळाचे दोन्ही कोपरे चांगले गोल करा. कोपरा टोकदार राहिला की त्यात पेन्सिलीचा भुगा आणि वाळू साठते, शिवाय उलटताना तो कधी पूर्ण बाहेर येत नाही. मागच्या तुकड्याची अंगाची उंची बावीस, तिच्यावर झडपेसाठी चौदा, त्यातला एक सेंटिमीटर वरच्या वळणात जातो. झडप जिथे सुरू होते तिथे दोन्हीकडून पाऊण सेंटिमीटर आत या. पुढच्या तुकड्याची वरची कड दीड सेंटिमीटर आत दुमडून शिवायची आहे, तेवढं जास्तीचं धरा, आणि दुमडल्यावर ती मागच्यापेक्षा बोटभर खाली राहू द्या. हात शिरतो तो त्या बोटभर फटीतून.

चामड्याला हात लावण्याआधी जुन्या जीन्सच्या कापडाची एक कच्ची थैली टाचा, सामान भरा, खांद्याला अडकवून घरभर फिरा. वस्तू उभ्या राहतात की तळाशी गोळा होतात ते लगेच दिसतं. आतला छोटा कप्पा मागच्या भिंतीला हवा की पुढच्या, हेही तेव्हाच कळेल. माझं मत मागच्या. पुढच्या भिंतीला कप्पा शिवला की त्याचे टाके दर्शनी बाजूला दिसतात आणि हात आत सरकताना बोटं त्याच्या तोंडावर अडतात.

झडपेचा आकार ही हौसेची जागा. जुन्या कारागिरांनीही इथेच हौस केली. कुणी हृदयाचा आकार दिला, कुणी ‘बीव्हरटेल’ म्हणतात तशी लांबट गोल झडप कापली, कुणी कडेला कापडाचा किंवा पातळ चामड्याचा गोट लावला. मूळ निवासी बायकांनी साळिंदराचे काटे रंगवून जी नक्षी केली तिच्यापुढे बाकी सगळं फिकं. वादीची दुहेरी गुंफण मात्र त्या थैल्यांची खूण नव्हे. त्यांची शिवण मेणवलेल्या दोऱ्याची. ही गुंफण मेक्सिकन आणि पश्चिमेकडच्या खोगीरकामाच्या परंपरेतली. विसाव्या शतकाच्या मध्यावर पाकिटं आणि पर्सा करण्याच्या छंदामुळे ती अमेरिकेत घरोघरी पोचली. तुम्हाला 1770 सालचा हुबेहूब शिकारी उभा करायचा असेल तर गुंफणीचा मोह सोडा. तसा हट्ट नसेल तर ती झडपेच्या कडेला घाला, कारण तिथे तिला काम आहे: झडपेचं चामडं आणि अस्तर धरून ठेवायचं, सतत हाताळली जाणारी कड झिजू द्यायची नाही आणि झडपेला थोडं वजन द्यायचं, म्हणजे बटणाशिवायही ती मिटलेली राहते. थैलीच्या सगळ्या कडा गुंफायच्या मी विरोधात आहे. तळाला आणि बाजूंना गुंफण झुडपांत अडकते, घासून तुटते आणि एकदा एक वेढा तुटला की शेजारचे सैल होतात. अंगाला शिवणच हवी.

रंग द्यायचा तो आत्ताच, तुकडे सुटे असताना. लोखंडाचे खिळे किंवा लोखंडी काथ्या साध्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवून बरणी दोनएक आठवडे ठेवून द्या. झाकण घट्ट लावू नका, आत वायू तयार होतो. गाळलेलं पाणी सालीच्या चामड्यावर फिरवलं की ते बघता बघता राखाडी आणि मग काळं पडतं. हा रंग वरून बसलेला नसतो, सालीतल्या टॅनिनशी लोखंड संयोग पावून चामडंच काळं होतं, म्हणून तो कपड्याला लागत नाही. हिरडा आणि हिराकस यांची काळी शाई आपल्याकडे याच गुणावर होत असे. रंग चढल्यावर चमचाभर खायचा सोडा पाण्यात घालून त्याने चामडं पुसा, मग साध्या पाण्याने, आणि ओलसर असतानाच तेलाचा हात द्या, नाही तर ते कडक होऊन वाळतं. याच रसायनाची एक खोड लक्षात ठेवा. न रंगवलेलं ओलं चामडं लोखंडाला टेकलं की तिथे काळा डाग उमटतो आणि तो जात नाही. हातोडी, कात्री, टाचण्या, कुणीच अपवाद नाही. हातोडीच्या तोंडावर पुसायला विसरलेला लोखंडाचा कीस असला तर झडपेवर बारीक काळे ठिपके पसरतात. चामडं ओलं असताना पितळ, लाकूड आणि हाड यांचीच हत्यारं वापरा.

झडप तपकिरी आणि वादी काळी, किंवा उलट, असा विरोध ठेवला तर गुंफण उठून दिसते. दोन्ही एकाच रंगात ठेवणंही वाईट नाही, मग चुकलेला वेढा सहज नजरेत येत नाही.

वादी विकत मिळते, पण घरी कापणं अवघड नाही. बकरीच्या चामड्याचा गोल तुकडा घ्या, त्याच्या कडेपासून आत आत जात चकलीच्या वेढ्यांसारखी तीन मिलिमीटर रुंद पट्टी काढत जा. किती लांब निघेल ते आधी काढता येतं: गोलाचं क्षेत्रफळ भागिले वादीची रुंदी. चौदा सेंटिमीटर व्यासाचा गोल म्हणजे सुमारे 154 चौरस सेंटिमीटर. त्याला 0.3 ने भागलं की पाच मीटरच्या वर येतं. मधला रुपयाएवढा भाग कापता येत नाही, सुरुवातीचं टोक वाकडं जातं, म्हणून हातात चार-साडेचार मीटर धरा. रुंदी सारखी राहण्यासाठी एक सोपा जुगाड: पाटावर धारदार पातं उभं ठोका, त्याच्यापासून तीन मिलिमीटरवर एक खिळा, आणि चामडं त्या फटीतून ओढा. पातं हलत नाही, चामडं फिरतं. पात्याचं तोंड बोटांकडे येऊ देऊ नका आणि मुलं घरात असताना हे काम नको.

कापलेली वादी वळणदार आणि बोजड असते. ती ओलसर करून हळूहळू ताणा, दोन खुर्च्यांमध्ये बांधून वाळू द्या. वाळल्यावर ती सरळ आणि किंचित अरुंद झालेली असेल. मग मांसाकडच्या बाजूने दोन्ही कडा रापीने हलक्या तासा आणि मेणाच्या तुकड्यावरून दोनतीनदा ओढा. हे तासणं लोक टाळतात आणि मग गुंफण जाडजूड, खडबडीत का दिसते म्हणून विचारतात. कडा तासलेली वादी पडते ती चपटी.

झडपेच्या आतून बकरीचं अस्तर चिकटवा. गोंद फक्त मधे आणि कडेपासून सेंटिमीटरभर आत लावा, कड मोकळी राहू द्या. वादीची टोकं याच फटीत लपणार आहेत. मग कडेपासून तीन मिलिमीटर आत कंपासाने एक रेघ ओढून घ्या. त्या रेघेवर चिरा पाडायच्या. गोल भोकंही चालतात, पण वादी चपटी असते आणि चपटी चीर तिला मिटून धरते. चार दात्यांची छिन्नी मिळाली तर सरळ भागात काम झपाट्याने होतं. शेवटच्या चिरेत पहिला दाता ठेवून पुढे सरकायचं, म्हणजे अंतर आपोआप सारखं राहतं. वळणावर चार दाते चालत नाहीत, तिथे एका दात्याच्या छिन्नीने एकेक चीर. वर सांगितलेल्या मापाच्या झडपेची कड कोपरे गोल केल्यावर साधारण बेचाळीस सेंटिमीटर भरते आणि तीन मिलिमीटरच्या चिरा जवळजवळ पाडल्या तर त्यांची संख्या ऐंशीच्या आसपास जाते. खाली जाड चामड्याचा किंवा लाकडाचा ठोकळा ठेवा, छिन्नी उभी धरा. ती तिरपी झाली तर मागच्या बाजूच्या चिरा रेघ सोडून भरकटतात आणि ते अगदी शेवटी, अस्तरावर दिसतं.

किती वादी लागेल हे गुंफणीवर अवलंबून. कडेवरून नुसती गुंडाळत गेलात तर कडेच्या साडेतीन पट. एकेरी वेढ्याच्या गुंफणीला सहा-सात पट. दुहेरीला आठ-नऊ पट, म्हणजे आपल्या झडपेला पावणेचार मीटरपर्यंत. सगळी वादी एकदम सुईत घेऊ नका. दर वेळी अख्खी वादी चिरेतून ओढली की ती झिजते आणि शेवटाला पोचेपर्यंत तिचा रंग उडतो. मीटरभराचे तुकडे घ्या आणि जोडत जा. वादीची चपटी सुई नसेल तर वादीचं टोक तिरपं कापून त्यावर नेलपॉलिशचा थर द्या. वाळल्यावर ते सुईचं काम करतं.

दुहेरी गुंफण पाहायला गुंतागुंतीची, करायला दोन हालचालींची. झडपेची दर्शनी बाजू तुमच्याकडे, कड वर. पहिल्या चिरेतून सुई पुढून मागे घाला, दोनएक सेंटिमीटरचं टोक पुढे राहू द्या आणि ते कडेवरून मागे टाकून अंगठ्याखाली धरा. सुई कडेवरून पुन्हा पुढे आणा आणि दुसऱ्या चिरेतून पुढून मागे काढा. ओढल्यावर कडेवर वादीची एक फुली दिसेल. आता सुई पुढून, त्या फुलीच्या खालून मागे सरकवा आणि ओढा. पुढची चीर. पुन्हा फुली. पुन्हा तिच्या खालून. चिरेतून एकदा, फुलीखालून एकदा, एवढंच. पाचसहा चिरांनंतर कडेवर वेणी उमटायला लागते आणि हात तिच्या तालावर येतो.

खरी मेख ओढण्यात आहे. चिरेतून काढताना घट्ट ओढायचं, फुलीखालून काढताना बेताने. दोन्ही वेळा करकचून ओढलं तर पुढची फुली इतकी आवळते की तिच्याखाली सुई शिरत नाही आणि आरीच्या टोकाने ती उचकटताना वादी चिरते. दोन्ही वेळा सैल सोडलं तर वेणी एका अंगाला झुकते. दर वेळी ओढण्याआधी वादी पिळली गेली नाही ना ते बघा. केसांकडची बाजू कायम बाहेर. एक पीळ पडला तर तो लांबूनही दिसतो, आणि तो सोडवायला त्याच्यापुढचं सगळं उकलावं लागतं. गोल कोपऱ्यावर बाहेरची कड लांब आणि चिरांची रेघ आखूड, म्हणून वेणी विरळ होते. तिथे सगळ्यांत वळणाच्या एकदोन चिरांतून वादी दोनदा काढा.

वादी संपत आली, बोटभर उरली, की तिची मांसाकडची बाजू दोन सेंटिमीटर तासून पातळ करा, नव्या वादीची केसांकडची बाजू तेवढीच तासा, गोंद लावून जोडा आणि गोंद पूर्ण वाळू द्या. घाई केली की सांधा नेमका चिरेत सुटतो. सांधा वेणीच्या पोटात जाईल अशा बेताने जागा साधता आली तर उत्तम. शेवटच्या चिरेतून निघालेलं टोक अस्तर आणि चामडं यांच्या मधून खुपसा, गोंदाचा थेंब लावा, उरलेलं कापा. सुरुवातीचं टोकही तसंच आत घ्या. मग गुंफणीवर चामड्याचा तुकडा ठेवून हातोडीने हलके हलके ठोका. फुल्या दबतात, एका रेषेत येतात.

शिवणीआधी आणखी दोन कामं: मागच्या तुकड्याला आतला कप्पा आणि बाहेरून पट्ट्याची टोकं. पट्टा कडेच्या शिवणीत अडकवू नका, सगळा भार त्याच दोन टाक्यांवर येतो. पट्ट्याची टोकं मागच्या भिंतीवर, वरच्या घडीच्या खाली चौकोनात शिवा आणि आतून चामड्याचा एक तुकडा आधाराला द्या. पट्टा तीन सेंटिमीटर रुंद, दोन भागांत, मधे पितळी बक्कल. लांब भाग साधारण पंचाण्णव सेंटिमीटर, आखूड चाळीस. नेमकी लांबी मात्र सुतळी अंगावर आडवी टाकून ठरवा. थैली कोपराखाली, बरगड्या संपतात तिथे आली पाहिजे. हल्लीच्या सवयीने ती मांडीवर आपटणारी ठेवावीशी वाटते, पण चढावर ती पायांत येते आणि हात घालायला वाकावं लागतं.

अंगाची शिवण करताना पुढचा आणि मागचा तुकडा केसांकडच्या बाजू एकमेकींना लावून ठेवा, मधे सेंटिमीटरभर रुंदीची चामड्याची मगजी. ही मगजी विसरू नका. उलटल्यावर टाके तिच्याआड राहतात आणि घासत नाहीत. आरीने भोकं पाडत, मेणवलेल्या जाड दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया लावून खोगीरटाका घाला. एका भोकातून दोन्ही सुया आरपार जातात, म्हणून एक दोरा तुटला तरी दुसरा धरून ठेवतो. दोरा शिवणीच्या चौपट घ्या. सेंटिमीटरला तीन टाके पुरेत. त्याहून दाट घातलेत तर पातळ चामड्यावर भोकांची ओळच फाटते. तोंडाशी दोनतीन टाके मागे घेऊन पक्कं करा.

उलटण्याआधी अंग कोमट पाण्याने ओलसर करा, झडप कोरडी ठेवा. तळापासून अंगठ्यांनी ढकलत न्या, कोपरे लाकडी दांड्याच्या गोल टोकाने बाहेर काढा. ओली असतानाच आत कापडाचा बोळा भरून आकार द्या आणि सावलीत वाळू द्या. उन्हात किंवा हेअर ड्रायरखाली चामडं आक्रसतं.

तेलाला एरंडेल चालतं, त्यात थोडं मधमाशीचं मेण वितळवून मलम केलं तर पाणीही अडतं. हात अगदी पातळ द्या. भरपूर चोपडलं की चामडं लोंबकळतं आणि झडपेचा आकार जातो. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात बुरशी येणारच. थैली प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करू नका, कपाटाच्या बाहेर हवेवर टांगा, पांढरं दिसलं की कोरड्या फडक्याने पुसून सावलीत ठेवा आणि मग पुन्हा मलम. किनारीवर मलम लावताना बोटाने नको, जुन्या टूथब्रशने लावा. वेणीच्या पोटात साचलेलं मेण धूळ धरतं.

गुंफण कुठे तुटलीच तर सगळी उसवायची गरज नाही. तुटलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना चारपाच चिरा उकला, सुटी टोकं तासून नवी वादी जोडा आणि तेवढाच भाग पुन्हा गुंफा. त्यासाठी कापलेल्या वादीतली हातभर वादी आजच बाजूला काढून ठेवा, त्याच रंगाची दुसरी नंतर मिळत नाही.